पान समोर आले, हे कोण सांगणार?

बातम्यांचे एखादे मराठी ॲप उघडा. वरच्या पट्टीत टॅब असतात: मुख्य, महाराष्ट्र, देश, क्रीडा, मनोरंजन. बोट डावीकडे सरकवले की एक पान जाते आणि दुसरे येते. वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही, वाटूही नये. ॲप लिहिणाऱ्याला मात्र कधी ना कधी प्रश्न पडतोच, की ‘क्रीडा’चे पान वाचकासमोर आत्ता आले हे आपल्या प्रोग्रॅमला कळावे कसे? व्हिडिओ तेव्हाच सुरू करायचा असतो, ताजा धावफलक तेव्हाच मागवायचा असतो, पान पाहिले गेल्याची नोंदही तेव्हाच करायची असते. नवशिका असेल तर पान तयार होणे आणि पान दिसणे एकच, असे तो गृहीत धरतो. मग एक दिवस वाचक ‘देश’च्या पानावर शांतपणे अग्रलेख वाचत असतो आणि त्याने उघडलेच नाही अशा ‘क्रीडा’च्या पानातून क्रिकेटचे समालोचन ऐकू येऊ लागते.

एवढ्याशा प्रश्नावर अख्खे पुस्तक? या क्षेत्राबाहेरच्या माणसाला नवल वाटेल. मोबाइलसाठी चार-सहा वर्षे कोड लिहिलेल्यांना वाटणार नाही. त्यांतल्या बहुतेकांची या प्रश्नापायी एखादी रात्र ऑफिसात गेलेली असते. मुलाखती घेताना मी हा प्रश्न आवडीने विचारतो. पाठ केलेले उत्तर त्यावर फार वेळ तग धरत नाही. फोनच्या आत काय चालते याचा समोरच्याने कधी विचार केला आहे, की दुसऱ्याचा कोड आणून डकवण्यावरच त्याचे भागले आहे, ते पाच मिनिटांत कळते.

घोळाचे मूळ वेगात आहे. बोट सरकू लागले की शेजारचे पान त्याच क्षणी बोटामागोमाग यायला हवे. सर्वसाधारण फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्‌झच्या फोनवर त्याच्याही निम्मे. एवढ्या वेळात पानाची मांडणी करणे, मजकूर भरणे, नेटवरून चित्रे आणणे जमणारे नाही. म्हणून शेजारचे पान आधीच बांधून ठेवतात. नाटकात पुढच्या प्रवेशातला नट रंगून, पोशाख चढवून विंगेत उभा असतो. तो नाट्यगृहात आहे, तयार आहे, पण प्रेक्षकांनी त्याला पाहिलेले नाही. सरकत्या पानांचे सारे त्रांगडे या विंगेतल्या नटाचे आहे.

एक सरकवणे सावकाश पाहू. वाचक ‘महाराष्ट्र’वर आहे, ‘देश’ विंगेत तयार आहे. बोट टेकते, थोडे सरकते, आणि उजवीकडून ‘देश’ची कड डोकावते. बोट पुढे जाते, आता पडद्यावर दोन्ही पाने अर्धी अर्धी आहेत. बोट उचलले जाते. कोणते पान ठेवायचे ते प्रणाली बोटाचा वेग आणि कापलेले अंतर पाहून ठरवते आणि ‘देश’ निवडले गेल्याचे जाहीर करते, पण पान अजून हलतेच आहे. आणखी काही दशांश सेकंदांनी ते जागेवर स्थिरावते. दरम्यान वाचकाने ते पुन्हा पकडून मागे ओढलेले असू शकते. स्थिरावल्यावरही त्यावर परवानगी मागणारी चौकट येऊ शकते, वरून सूचनांचा पडदा खाली ओढला जाऊ शकतो, फोन खिशात जाऊ शकतो. यातल्या कोणत्या क्षणी पान ‘दिसले’ म्हणायचे?

या पुस्तकाच्या लेखिकेचे उत्तर साधे आहे, आणि सगळे पुस्तक त्यावर उभे आहे: कशासाठी विचारता, ते आधी सांगा. मजकूर आणून ठेवायचा असेल तर कड दिसण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर. टॅबखालची रेघ हलवायची असेल तर दिसले की नाही हे विचारण्यातच अर्थ नाही, पान किती सरकले त्याचा अपूर्णांक हवा. आवाज सुरू करायचा तर पान स्थिरावायला हवे, आणि पाहिल्याची नोंद करायची तर स्थिरावून वर काही वेळही जायला हवा. या सगळ्यांना एकाच कॉलबॅकवर टांगण्याची हौस हे आपल्या धंद्यातल्या असंख्य बगांचे कारण आहे. हे वाचताना उघड वाटते. गेल्या दशकातला कोड उघडून पाहिला की ते किती थोड्यांना उघड होते ते कळते.

या गोंधळाला इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने अँड्रॉइडचा आहे. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हा एक पडदा म्हणजे एक ॲक्टिव्हिटी, असा सरळ हिशेब होता. ॲक्टिव्हिटी जन्मते, सुरू होते, पुढे येते, थांबते, मरते. प्रत्येक टप्प्यावर प्रणाली हाक मारते. ऑनरिझ्यूमची हाक आली की आपण लोकांसमोर आहोत, असे धरून चालत असे. २०११ च्या हनिकोम्बने, म्हणजे टॅब्लेटसाठी काढलेल्या अँड्रॉइड ३.० ने, एका पडद्यात अनेक तुकडे बसवायची सोय आणली. हे फ्रॅगमेंट. प्रत्येक तुकड्याला स्वतःची लाइफसायकल मिळाली. त्याच वर्षी सपोर्ट लायब्ररीत व्ह्यूपेजर आला आणि फ्रॅगमेंटची पाने करून बोटाने सरकवता येऊ लागली. दोन्ही सोयी आपापल्या जागी चांगल्या होत्या. एकत्र आल्यावर मात्र विंगेतल्या पानालाही समोरच्या पानाइतकीच ऑनरिझ्यूमची हाक मिळू लागली, कारण फ्रॅगमेंटची लाइफसायकल ॲक्टिव्हिटीच्या मागून चालत होती आणि पेजर कोणते पान दाखवतो याच्याशी तिला देणेघेणे नव्हते.

मग शेजारचे पान बांधूच नये, अशी युक्ती अनेकांना सुचली. व्ह्यूपेजरला शेजारी किती पाने तयार ठेवायची ते सांगता येते. तिथे शून्य दिले की झाले. पण शून्य त्याला मंजूर नाही. तो लॉगमध्ये एक इशारा टाकतो आणि शून्याचा एक करून घेतो. हे कळायला अनेकांना वेळ लागला, कारण लॉगमधले इशारे वाचायची सवय फार थोड्यांना असते.

दुसरी वाट सेटयूजरव्हिजिबलहिंट या लांबलचक नावाच्या पद्धतीची. ती २०११ च्या अखेरीस अँड्रॉइड ४.०.३ सोबत आली. तिचा हेतू ॲपने प्रणालीला सुचवण्याचा होता: हा तुकडा सध्या लोकांसमोर नाही, तेव्हा त्याची कामे मागे ठेवली तरी चालतील. पेजरचे ॲडॉप्टर पान बदलताना ती पद्धत बोलावत असे. प्रोग्रॅमरांनी तीच पद्धत ओव्हरराइड करून प्रवाह उलटा फिरवला आणि तिच्यातूनच ‘आपण दिसतो आहोत’ हे ऐकू लागले. चालले, पण कुबड्यांवर. ही हाक लाइफसायकलच्या बाहेरून येई, कधी पानाचे दृश्य बांधण्यापूर्वीच, आणि त्या वेळी एखाद्या बटणाला हात लावला की ॲप कोसळे. पेजरच्या आत पेजर असेल तर आतल्या पानांपर्यंत ती पोचतच नसे. होम बटण दाबून वाचक निघून गेला तरी ती गप्प. म्हणून प्रत्येक कंपनीत एक ‘बेसफ्रॅगमेंट’ जन्माला आला. त्यात दोन-तीन खरे-खोटे झेंडे: दृश्य बांधले का, हिंट आली का, मजकूर एकदा आणून झाला का. पहिले दोन खरे झाले की पान दिसले समजायचे. या हातघाईच्या काळावरचे लेखिकेचे पान मला विशेष आवडले, कारण त्यात त्या कोडची टिंगल नाही. हाताशी जे होते त्यात लोकांनी काम भागवले.

सुधारणा २०१९ मध्ये झाली. फ्रॅगमेंटच्या १.१ आवृत्तीत सेटमॅक्सलाइफसायकल आले: कोणत्या तुकड्याने कोणत्या टप्प्यापलीकडे जायचे नाही, ती कमाल मर्यादा आता ठरवून देता येते. समोरच्या पानालाच ‘रिझ्यूम’पर्यंत जाऊ द्यायचे, शेजाऱ्यांना ‘स्टार्ट’वर अडवायचे. सेटयूजरव्हिजिबलहिंट तेव्हा निवृत्त झाली. त्याच वर्षी रिसायक्लरव्ह्यूवर बांधलेला व्ह्यूपेजर२ स्थिर झाला. त्याने उभे सरकवणे दिले, उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या भाषांची सोय केली, आणि पान स्थिरावेपर्यंत ही मर्यादा न हलवण्याचा संयमही दाखवला. म्हणजे आठ वर्षांनी ऑनरिझ्यूमला या संदर्भात पुन्हा अर्थ आला. पुस्तकातला हा भाग सर्वांत लांब आहे, आणि तो तसाच असावा. आजही बाजारात जुन्या व्ह्यूपेजरवर चालणारी ॲप भरपूर आहेत, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात पडणारा कोड बहुधा तोच असतो.

ॲपलकडची कथा वेगळ्या जागी अडते. आयफोनच्या जगात पडद्याला पहिल्यापासून दोन हाका आहेत: येणार आहेस, आणि आलास. व्ह्यूविलअपिअर आणि व्ह्यूडिडअपिअर. भेद इतका स्वच्छ, की बरेच जण आळसाने कामे पहिलीवरच उरकतात. २०१३ च्या आयओएस ७ ने कडेवरून बोट ओढून मागे जाण्याची सोय दिली आणि हा आळस महागात पडू लागला. वाचक बोट ओढतो, मागचे पान डोकावते, त्याला ‘येणार आहेस’ची हाक मिळते, वाचक मन बदलतो, बोट परत नेतो, आणि ‘आलास’ची हाक कधीच येत नाही. पहिल्या हाकेवर नोंद करणाऱ्याच्या वहीत न झालेली भेट लिहिली जाते. पाने उलटण्यासाठी २०११ मध्ये आलेला यूआयपेजव्ह्यूकंट्रोलर संक्रमण संपल्यावर ते पुरे झाले की अर्ध्यावर सोडले गेले, हेही सांगतो. तो होय-नाही न तपासणारे कोड मी अजून वाचतो आहे.

पुढे काळ बदलला. ॲपलचे स्विफ्टयूआय २०१९ मध्ये आले, अँड्रॉइडचे जेटपॅक कंपोज २०२१ मध्ये स्थिर झाले, आणि पडदा ‘बांधण्या’ऐवजी त्याचे वर्णन लिहायची पद्धत रुजली. नव्या पद्धतीत जुना प्रश्न सुटला असेल, अशी आशा होती. स्विफ्टयूआयच्या ऑनअपिअरबद्दल ॲपलच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे, की ते नेमके केव्हा चालेल हे दृश्याच्या प्रकारावर अवलंबून आहे; हमी एवढीच, की पहिले चित्र रंगण्याआधी ते पुरे होईल. नाव ‘दिसल्यावर’ आणि हमी ‘दिसण्याआधी’ची. सरकत्या भागात दृश्य अमुक प्रमाणात दिसू लागले की कळवणारी सोय स्विफ्टयूआयमध्ये यायला २०२४ चे आयओएस १८ उजाडले. कंपोजचा पेजर या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. तो एकाऐवजी तीन उत्तरे देतो: सध्या मध्याच्या सर्वांत जवळ कोणते पान आहे, आपण कोणत्याकडे निघालो आहोत, आणि शेवटचे स्थिरावलेले कोणते. मघाशी सांगितलेला लेखिकेचा मुद्दा इथे थेट लायब्ररीच्या रचनेत उतरला आहे.

या सगळ्या उत्तरांकडे जरा लांबून पाहिले तर तीन घराणी दिसतात. एक लाइफसायकलवाल्यांचे. त्यांच्या मते पानाने बाहेर डोकावू नये. प्रणाली हाक मारील तेव्हाच हलावे. दुसरे घराणे पेजरलाच विचारणाऱ्यांचे: पाने तो सरकवतो, तेव्हा कोणते समोर आहे ते त्याच्याइतके कोणाला माहीत? तिसरे भूमितीवाल्यांचे. ते हाक ऐकत नाहीत आणि पेजरलाही विचारत नाहीत. पानाचा चौकोन आणि पडद्याचा चौकोन किती एकमेकांवर येतात ते मोजतात.

लाइफसायकलची शिस्त सर्वांत टिकाऊ आहे, कारण ॲप मागे गेले, फोन लॉक झाला, हेही तिला आपोआप कळते. पण तिची नजर अधू आहे. आपल्याच ॲपची चौकट वर आली किंवा सूचनांचा पडदा खाली ओढला गेला, तर तिला पत्ता नसतो. फ्रॅगमेंट ‘लपवला’ तरी लाइफसायकल जागची हलत नाही, त्याची हाक वेगळी. उलटही घडते: अँड्रॉइड ७ ने २०१६ मध्ये पडदा दोन ॲपमध्ये वाटायची सोय दिली तेव्हा दोन्ही ॲप डोळ्यांसमोर असूनही ‘रिझ्यूम’ एकालाच मिळत असे, अँड्रॉइड १० ने ते बदलले.

पेजरवाल्यांचे उत्तर चटकन मिळते, पण प्रत्येक पेजरच्या खोडी निराळ्या. जुना व्ह्यूपेजर पहिल्या पानासाठी ‘निवडले गेले’ ही हाक मारतच नाही, त्यामुळे ॲपचे सर्वाधिक पाहिले जाणारे पान नोंदीतून गळते. फ्लटरच्या पेजव्ह्यूचे ऑनपेजचेंज्ड पान अर्ध्यावर ओलांडताच बोलते, बोट पडद्यावर असतानासुद्धा. आणि पहिल्या पानावरून ॲनिमेशनने थेट पाचव्यावर नेले तर वाटेतल्या तिन्ही पानांची नावे घेत जाते. ती पाने डोळ्यांसमोरून सर्रकन गेलेली असतात, हे खरे. त्यांना पाहिलेले म्हणणे धारिष्ट्याचे आहे.

भूमितीचे घराणे वेबवरून आले. सरकपट्टी हलली की प्रत्येक चौकोन मोजायचा, या जुन्या रीतीने पाने अडखळत. २०१६ मध्ये क्रोमने इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आणला आणि ते मोजमाप ब्राउझरने स्वतःकडे घेतले. प्रोग्रॅमरने नुसते सांगायचे, की निम्मा भाग दिसला की कळव. २०१९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. तिने विचारले की चौकोन पडद्यात आहे हे ठीक, पण त्यावर दुसरे काही झाकण तर नाही ना? रिॲक्ट नेटिव्हच्या याद्यांमध्ये किती टक्के भाग आणि किती मिलिसेकंद, असे दोन्ही निकष एकत्र देता येतात. फ्लटरमध्ये या कामाचे वेगळे पॅकेज आहे. दर चित्राला ओरडण्याऐवजी ते अर्ध्या सेकंदाने एकदा कळवते.

या घराण्यामागे पैसा उभा आहे, हे विसरून चालणार नाही. जाहिरात ‘दिसली’ कधी म्हणायची हे अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलने ठरवले, आणि २०१४ पासून त्याप्रमाणे हिशेब होऊ लागले: साध्या जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद, व्हिडिओचे सलग दोन सेकंद. हा निकष लेखिकेने सरकत्या पानांना जवळजवळ जसाच्या तसा लावला आहे. तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही. निम्म्याची मर्यादा उभ्या, सलग सरकणाऱ्या मजकुरासाठी आहे, जिथे जाहिरात पडद्याच्या कडेला अर्धवट अडकून पडू शकते. पेजरमधले स्थिर पान एक तर पूर्ण दिसते किंवा अजिबात नाही. निम्मे असते ते वाटेत, आणि वाटेत एक सेकंद कोणी थांबत नाही. तिथे टक्केवारीला फारसे काम उरत नाही, काळालाच सारे महत्त्व येते. शेजारच्या कार्डाची कड मुद्दाम दाखवणाऱ्या पेजरमध्ये टक्के मोजावे लागतात हे मान्य, पण तो अपवाद आहे.

हे सारे आजच का? कारण सरकवणे ही आता टॅब बदलण्याची किरकोळ सोय राहिलेली नाही. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. काही आठवड्यांतच इन्स्टाग्रामचे रील्स इथे उतरले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्‌सची चाचणी जगात सर्वांत आधी भारतात सुरू केली. तेव्हापासून कोट्यवधी लोक उभ्या पेजरमध्येच दिवसाचा मोठा भाग घालवतात. तिथे प्रत्येक पान म्हणजे एक व्हिडिओ, आणि तो पाहिला गेला का, यावर त्याचे पुढचे नशीब ठरते. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्‌सच्या ‘व्ह्यू’ची व्याख्या बदलली: किमान वेळेची अट काढली, व्हिडिओ सुरू झाला की मोजणी झाली. जुना कडक आकडाही वेगळ्या नावाने ठेवला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही एका ‘दिसण्या’वर भागवता आले नाही.

मोठ्यांचे सोडा. एका वृत्त-ॲपच्या बैठकीत दुसऱ्या क्रमांकाचा टॅब विलक्षण लोकप्रिय असल्याचा तक्ता दाखवला गेला. कोणी म्हणाले, मग त्या विभागाला माणसे वाढवू. तक्त्यामागचा कोड पान बांधले जाताना नोंद करत होता, आणि ॲप उघडताच पहिल्याबरोबर दुसरे पान नेहमीच बांधले जात होते. टॅबची अदलाबदल केली असती तर लोकप्रियताही नव्या दुसऱ्याकडे गेली असती. फायरबेससारखी साधने अँड्रॉइडवर ॲक्टिव्हिटीची नोंद आपोआप करतात, पेजरमधल्या फ्रॅगमेंटची नोंद मात्र ॲपनेच पाठवायची असते. तेव्हा असे तक्ते आपल्याच हाताने चुकतात.

चुकीची नोंद नेहमीच एवढी विनोदी नसते. आरोग्याच्या ॲपमध्ये एखाद्या आजाराचे पान शेजारी बांधले गेले आणि ‘पाहिले’ म्हणून साठवले गेले, तर एका माणसाबद्दल खोटी माहिती तयार झाली. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केल्यानंतर तरी अशी माहिती निष्काळजीपणे गोळा करणे शोभत नाही. स्टेटस दाखवणाऱ्या ॲपमध्ये पुढच्या माणसाचे स्टेटस आधीच उतरवून ठेवणे योग्यच. पण आपण ते उघडण्याआधी त्याच्या यादीत आपले नाव गेले, तर नात्यांत प्रश्न उभे राहतात. शेजारच्या पानात कॅमेरा असेल तर आणखी पंचाईत. नव्या अँड्रॉइड आणि आयफोनवर कॅमेरा चालू होताच वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. आपण चॅट वाचत असताना ती उमटली, की माणूस ॲप काढून टाकतो. प्रोग्रॅमरने नुसते पान बांधले जाताच कॅमेरा उघडलेला असतो. हेरगिरीचा हेतू नसतो, पण वापरणाऱ्याने ते का मानावे?

दृष्टिहीन वापरकर्त्यांचा विचार पुस्तकात आहे, पण थोडा. माझी ही खरी तक्रार. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू असताना एका बोटाने सरकवणे म्हणजे पुढच्या घटकावर जाणे. पान बदलायला टॉकबॅकमध्ये दोन आणि व्हॉइसओव्हरमध्ये तीन बोटे लागतात. विंगेतले पान आपल्या मथळ्याची घोषणा करून बसले, तर या वाचकाच्या कानावर भलत्याच पानाचे नाव पडते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला चूक लगेच कळते, याला कळायला मार्ग नाही. पुढच्या आवृत्तीत या विषयाला स्वतंत्र प्रकरण मिळावे, अशी माझी विनंती आहे.

पुस्तक काय करू पाहते? तयार कोडचा साठा देणे हा त्याचा हेतू नाही. लायब्ररी दर दीड-दोन वर्षांनी कूस बदलतात. आज छापलेला कोड पुढच्या दिवाळीत जुना झालेला असेल. लेखिकेने त्याऐवजी प्रश्न विचारायची रीत दिली आहे. प्रत्येक साधनाकडे जाताना त्या तेच विचारतात: ही हाक नेमकी कोणत्या क्षणी येते, कोणत्या परिस्थितीत येत नाही, आणि दोनदा येते का? उत्तर दस्तऐवजावर विसंबून देत नाहीत, छोटा प्रयोग करून लॉग समोर ठेवतात. त्या शिकवतात आणि नोकरीतही कोड लिहितात, हे अशा ठिकाणी जाणवते. भाषा ऑफिसात आपण बोलतो तीच आहे. फ्रॅगमेंटला फ्रॅगमेंटच म्हटले आहे, ओढून-ताणून प्रतिशब्द केलेले नाहीत, पण वाक्ये मात्र मराठीच आहेत. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत इंजिनिअरिंगला गेलेल्या, वर्गात इंग्रजी ऐकून मनात मराठीत विचार करणाऱ्या मुलामुलींना असे तांत्रिक पुस्तक फार क्वचित मिळते.

पुस्तकाचा कल अँड्रॉइडकडे आहे. आयफोनवर काम करणाऱ्यांना त्यांचा भाग आखूड वाटेल, आणि तो आहे. फ्लटर व रिॲक्ट नेटिव्हवाल्यांनी मात्र अँड्रॉइडची प्रकरणे वगळू नयेत. त्यांची ॲपही शेवटी त्याच ॲक्टिव्हिटीत राहतात. अनुभवी वाचकाने इतिहासाचा भाग चाळून घराण्यांच्या चर्चेपासून सुरुवात केली तरी चालेल. नव्याने शिकणाऱ्याने क्रम मोडू नये.

आणि एक विनंती. हे पुस्तक फोनला केबल लावून, लॉगची खिडकी उघडी ठेवून वाचा. तीन पानांचे रिकामे ॲप बनवा, प्रत्येक हाकेला एक ओळ छापा. मग पान सावकाश ओढा, अर्ध्यात सोडा, पुन्हा पकडा, फोन आडवा करा, होम दाबून परत या, पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारा. शक्य असेल तर एखाद्या जुन्या, कमी मेमरीच्या फोनवरही हेच करून पाहा. छापलेल्या ओळींचा क्रम वहीत उतरवून घ्या, आणि मगच दुसरे प्रकरण उघडा.